मारलं की मागं

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बॉक्सिंगच्या क्लासात नाव घातलं आणि गजानन तायडेनं पहिले दोन महिने मला कशालाही हात लावू दिला नाही. छताला टांगलेली ती लाल बॅग मी नुसती लांबून बघायची. "आधी पाय, ताई," तो म्हणायचा. "हात त सगळ्याईलेच असते."

क्लास दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्येच, बिल्डिंगपासून चालत सहा मिनिटांवर, एक सलून आणि एक ग्रोसरी यांच्या मधोमध. डॉक्टरनं साखर वाढलीय म्हणून सांगितलं होतं. झुंबा मला जमला नाही, कारण तिथे सारखं हसत राहावं लागतं. मग नायर म्हणाली, चल बॉक्सिंगला. ही नायर माझ्या ऑफिसातली एचआरची बाई, जेबेल अलीत आम्ही एकाच मजल्यावर बसतो. माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, फी ऐकली आणि इथल्या सवयीनं लगेच गुणाकार केला. "तीनशे दिरहम, म्हणजे महिना सात हजार रुपये! घरात फुकट भांडतेस तेवढं पुरत नाही का?" सोळा वर्षांचा ईशान मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "आई, प्लीज डोन्ट पोस्ट एनी फोटोज."

तर अशा सगळ्या शुभेच्छा घेऊन मी गेले.

कोच नॅशनल चॅम्पियन आहे, आता प्रोफेशनल बॉक्सर आहे, असं जिमच्या बोर्डावर लिहिलेलं. मी दारात कुणीतरी धिप्पाड माणूस शोधत होते. समोर आला तो इस्त्रीचा फुल शर्ट पँटमध्ये खोचलेला, केसांना तेल लावून चापून भांग पाडलेला, साठ-एकसष्ट किलोचा गृहस्थ. तिशी नुकती ओलांडलेला. बँकेत पासबुक भरून द्यायला बसवावा असा. नाक तेवढं डावीकडे जरा कललेलं. मी त्यालाच विचारलं, "कोच कधी येतात?"

"आलो न," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला लागला.

अकोल्याचा. अकोल्यात बॉक्सिंग असतं हे मला ठाण्यात पंचवीस वर्षं काढूनही माहीत नव्हतं. तो बाराव्या वर्षापासून खेळत होता. हौशी गटात दीडशेच्या आसपास लढती खेळला आणि तीनदा राष्ट्रीय विजेता झाला. हौशी म्हटलं की मला सोसायटीचं नाटक आठवतं, मी तसं बोलूनही गेले. त्याला राग आला नाही. "तसंच असते ताई," म्हणाला. "फक्त नाटकात मेकअप अगोदर करते, आमचा नंतर."

त्या पदकांवर त्याला अकोल्यात सरकारी नोकरी लागली होती, खेळाडूंच्या कोट्यातून. खुर्ची, पंखा, पेन्शन, सगळं. सत्ताविसाव्या वर्षी दुबईतल्या एका प्रमोटरनं, म्हणजे लढती भरवणाऱ्यानं, प्रोफेशनल व्हायला बोलावलं आणि यानं राजीनामा दिला. वडील त्याच ऑफिसातून शिपाई म्हणून रिटायर झालेले. त्यांनी गावभर सांगितलं की पोट्ट्याच्या डोक्याले मार लागला. बायको, वर्षा, तेवढी बाजूनं उभी राहिली, पण तीही हिशेबानं. तिनं चार वर्षं दिली. चार वर्षांत तिला आणि मुलीला दुबईत नेऊन ठेवण्याइतकं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर गप परत यायचं आणि मिळेल ते काम करायचं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी क्लासला लागले तेव्हा चारातलं एकच वर्ष शिल्लक राहिलं होतं, आणि गजानन अल कूझमध्ये एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होता.

हे सगळं त्यानं एकदम बसून सांगितलं नाही. तो तसा बोलणारा नव्हताच. हाताला पट्ट्या गुंडाळताना एक वाक्य, सोडताना एक वाक्य, असं करत आम्हा पाच बायकांना सहा-सात महिन्यांत कळलं.

आमच्या बॅचला त्यानं एकच मंत्र दिला होता. "मारलं की मागं." ठोसा नीट लागला की तिथे उभं राहून स्वतःचं कौतुक करायचं नाही, पाऊल मागे. शिकाऊ बायका एकमेकींच्या अंगावर धावून जातात आणि नाकं फोडून घेतात, म्हणून ही शिस्त. पण त्यामागे त्याची स्वतःची सवयही होती. ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. हौशी बॉक्सिंगमध्ये समोरच्याला जोरात लागलं, तो नुसता डगमगला, तरी रेफरी खेळ थांबवतो. मारणाऱ्यानं लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. रेफरी त्या डगमगलेल्यासमोर बोटं धरून आठपर्यंत मोजतो आणि मग खेळ पुन्हा सुरू. प्रोफेशनलमध्ये असले लाड नाहीत. माणूस खाली पडला तरच मोजतात. उभा असेल तर त्याचे पाय लटपटत असोत नाहीतर डोळे फिरलेले असोत, तुम्ही पुढे जायचं आणि काम संपवायचं.

पंधरा वर्षं पायांत मुरलेली ती चाल. प्रोफेशनलच्या पहिल्याच लढतीत गजाननचा ठोसा बसला, समोरचा हलला, आणि हा शहाणा उलटा फिरून कोपऱ्यात जाऊन उभा. त्याचा ट्रेनर रिको, मनिलाचा, साठीचा म्हातारा, गुडघ्याएवढ्या उंचीचा आणि ताडाएवढ्या आवाजाचा. तो खालून ओरडला, "व्हेअर यू गोइंग? बस स्टॉप?" ती लढत गजानन कशीबशी जिंकला. पण दुसऱ्या दिवसापासून सरावात तो मारून मागे सरला की रिको पोटरीवर रबरी चपलेचा फटका द्यायचा. वर्षभर. "वर्षा तिकडं वर्षं मोजत होती, मी इकडं चपला," गजानन सांगायचा. मग ती सवय गेली.

त्या पहिल्या लढतीची आणखी एक गंमत होती. हौशी बॉक्सर बनियान घालून खेळतो, प्रोफेशनल उघड्या अंगानं. गजानन झगा घालून रिंगमध्ये चढला, रिकोनं झगा काढला, तर आत बनियान! रिकोनं कपाळावर हात मारून घेतला. "एवढ्या बायामाणसाईपुढं," गजानन आम्हाला म्हणाला, "कसं तरी वाटते न." चार वर्षं झाली तरी ते कसंतरी वाटणं गेलं नव्हतं. प्रमोटरनं त्याचं काहीतरी वाघ-बिघ असं नाव ठेवायचा घाट घातला, तर हा म्हणाला, गजाननात काय वाईट आहे? गजाननच राहिलं. अनाउन्सर त्याचं 'गाजानॅन' करायचा.

गणपतीत मी त्याला घरी जेवायला बोलावलं. माझ्याकडे दीड दिवसाचा असतो. तो आला, नमस्कार केला आणि ताटावर बसेचना. चार दिवसांनी लढत, वजन एकसष्टच्या आत यायला हवं, सातशे ग्रॅम जास्त. सप्टेंबरच्या त्या भट्टीत हा प्लॅस्टिकचा सूट घालून आमच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून आला होता. मी वाफाळते मोदक घेऊन बाहेर आले तर त्यानं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "वासाचं वजन नसते," म्हणाला. मिलिंदला राहवलं नाही. "अरे एक खा, एका मोदकानं काय होतं!" "भाऊजी, एका मोदकानं माणूस घरी जाते," गजानन म्हणाला. शेवटी त्यानं एक मोदक डब्यात घालायला लावला आणि आमच्याच फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितला. वर नावाची चिठ्ठी. लढत जिंकून पाचव्या दिवशी आला, डावा डोळा सुजून बंद, आणि म्हणाला, "ताई, माहा मोदक." मी दुसरे करून देते म्हटलं, तर नाही. तोच वाफवून, तूप घालून, भिंतीला टेकून उभ्या उभ्या खाल्ला. ईशान त्याच्या डोळ्याकडे बघत राहिला होता. "कोच, डझ इट हर्ट?" "नो पेन," गजानन तोंडभर मोदक घेऊन म्हणाला. "ओन्ली वेट प्रॉब्लेम." त्या दिवसापासून ईशान क्लासला 'युअर थिंग' म्हणायचा थांबला.

रोज संध्याकाळी पावणेसातला, क्लासच्या आधी, अकोल्याचा व्हिडिओ कॉल. मुलगी, आर्वी, सहा वर्षांची झालेली, दात पडलेले. ती आमची सगळ्यांची हजेरी घ्यायची. "त्या चश्मेवाल्या आंटीनं आज मारलं का कोनाले?" चश्मेवाली म्हणजे मी. आणि फोन ठेवताना रोज एकच प्रश्न, "बाबा, घर पाह्यलं?"

घर पाहिलेलं होतं. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक वन बेडरूम रिकामं झालं होतं आणि वॉचमनशी ओळख काढून ते मीच त्याला दाखवायला नेलं. लोक घर बघताना हॉल बघतात, बाथरूमचे नळ सोडून बघतात. हा सरळ बाल्कनीत गेला आणि खाली वाकून उभा राहिला. मी म्हटलं, अरे किचन तरी बघ, वर्षा विचारेल. तो म्हणाला, "शाळेची बस कुठं थांबते ताई? इथून दिसते काय?" मी दाखवलं, त्या समोरच्या निंबाखाली. "मंग वर्षाले खाली उतराचं काम नाही," म्हणाला. किचन त्यानं बघितलंच नाही.

त्या घराला आता मुहूर्त हवा होता एका लढतीचा. जानेवारीत रास अल खैमाला सहा राउंडची लढत ठरली. समोर बावीस वर्षांचा, एकही लढत न हरलेला एक ब्रिटिश पोरगा. गजानन जिंकला तर प्रमोटर दोन वर्षांचा करार करणार, राहायला जागा देणार, फॅमिली व्हिसाचं बघणार. तसं कागदावर लिहून दिलेलं, रिकोनं ते आम्हाला वाचून दाखवलं होतं. हरला तर करार नाही आणि मार्चमध्ये वर्षाची चार वर्षं संपत होती. खलास. इतकं सरळ होतं ते.

आणि इथे मी येते. यायला नको होतं.

जिमला पाच वर्षं होणार म्हणून मालकानं कार्यक्रम ठरवला होता. आम्हा बायकांच्या लढती, घरच्यांसमोर, हेल्मेट घालून, दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. गजाननच्या लढतीच्या बरोबर एक आठवडा आधी. मला नायरशी खेळायचं होतं. नायरनं ऑफिसात माझी रजा तीनदा नामंजूर केली होती, म्हणजे माझी तयारी मनापासून चालली होती.

गजाननच्या लढतीला सात आठवडे राहिले असताना रिको क्लासमध्ये आला आणि आमच्या देखत गजाननला म्हणाला, "नाऊ नो टीचिंग. सेवन वीक्स." मी विचारलं, का? रिको मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, बच्चा लोग को सिखाएगा, तो पैर फिर बच्चा हो जाएगा."

मला ते असलं लागलं म्हणून सांगू. बच्चा लोग! मी सत्तेचाळीस वर्षांची, डॉक्युमेंटेशनची हेड. आणि खरं म्हणजे घाबरलेही. कार्यक्रम तोंडावर, ईशान पहिल्यांदा मला बघायला येणार, आणि कोच नाही? मी रिकोला सुनावलं. "ही इज नॉट टीचिंग अस एनीमोर. ही विल ओन्ली बी रेफरी. नुसतं मोजायचंय. काउंटिंग! व्हॉट हार्म इन काउंटिंग?" बाकीच्या चौघींनी माझी री ओढली. रिकोनं गजाननकडे बघितलं. गजाननला बायकामाणसांना नाही म्हणता यायचं नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. "होऊन जाईल कोच," तो म्हणाला. "फक्त मोजणंच त हाय." रिको मान हलवत गेला. जाताना म्हणाला, "इन्शाल्ला," आणि तो तर चर्चला जाणारा माणूस.

मग सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, आम्ही एकमेकींना मारत होतो आणि तो मोजत होता. कुणाला जरा बरा ठोसा बसला की, "स्टॉप! ताई, तुम्ही कोपऱ्यात." मारणारी कोपऱ्यात, मार खाल्लेली मधे, आणि हा बोटं उभी करत, एक, दोन, तीन... आमच्यात लटपटायला वेळ लागत नसे, त्यामुळे एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा तरी हे व्हायचं. कोपऱ्याची वाट दाखवायला तो स्वतः दोन पावलं त्या दिशेनं चालायचा. दिवसभर रिकोकडे सराव, संध्याकाळी आमचं मोजणं. आम्हाला त्यात काहीच वाटलं नाही.

कार्यक्रमात मी नायरकडून हरले. तिचा हात लांब आहे. पण दुसऱ्या राउंडमध्ये माझा एक उजवा तिला असा बसला की गजाननला तिच्यासमोर आठ मोजावे लागले आणि मी कोपऱ्यात उभी राहून ईशानकडे बघितलं. तो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. माझ्या आयुष्यात कुणी माझ्यासाठी खुर्चीवर उभं राहिलं नव्हतं. हे मी लपवत नाही, मी त्या दिवशी फार खूश होते.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही दोन गाड्या करून निघालो. पाच बायका, मिलिंद, ईशान. उम्म अल कुवैनच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि नायरनं डब्यातले केळ्याचे वेफर्स काढले. सहल असल्यासारखं चाललं होतं. रास अल खैमाला एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये रिंग बांधली होती. संध्याकाळी सहाला गजाननची लढत. निळा कोपरा त्याचा, म्हणजे पाहुण्याचा. झगा काढला तेव्हा त्यानं सवयीनं दोन्ही हात छातीवर घेतले आणि आम्ही पाचही जणी हसलो.

पहिले तीन राउंड बरोबरीचे गेले असं मिलिंद म्हणाला, त्याला एव्हाना सगळं कळायला लागलं होतं. पोरगा वेगवान होता, पण गजाननचे पाय! मी दोन महिने नुसते पाय केले होते, त्यामुळे मला दिसत होतं. तो कुठे नसायचाच. चौथ्या राउंडमध्ये पोरगा पुढे घुसला, गजानन अर्धं पाऊल बाजूला झाला आणि त्याचा डावा हात आडवा पोरग्याच्या जबड्यावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला. पोरगा पडला नाही. रिंगच्या मधोमध उभा राहिला, हात खाली लोंबलेले, गुडघे नव्यानं उभं राहणाऱ्या वासरासारखे. अख्खा हॉल उठला. आता एक ठोसा, साधा ढकलला असता तरी चाललं असतं.

आणि गजाननचं पाऊल मागे गेलं. तो वळला, शांतपणे चालत लांबच्या कोपऱ्यात गेला आणि दोन्ही हात दोरांवर ठेवून उभा राहिला.

रेफरीला काही कळेना. तो हातांनी खुणा करत होता, खेळा, खेळा. लोक ओरडत होते. शेजारचा एक अरब माणूस मिलिंदला विचारत होता, "व्हॉट हॅपन? ही इज इंजर्ड?" रिको खालून चपलेनं रिंगचा कठडा बडवत होता. त्या सगळ्या हॉलमध्ये तो तिथे का उभा आहे हे रिकोशिवाय फक्त आम्हा पाच बायकांना कळलं. सहा आठवडे आम्ही तशाच चालत गेलो होतो, तसेच हात दोरावर ठेवले होते. नायरनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता.

पाच-सहा सेकंद असतील. मग तो दचकला आणि धावला, पण तोवर पोरगा सावरला होता. त्यानं गजाननला मिठी मारली आणि राउंड संपेपर्यंत सोडली नाही. उरलेले दोन राउंड त्या पोरानं पळून काढले. गजानन एका गुणानं हरला.

आत कपडे बदलायच्या खोलीत आम्हाला सोडलं तेव्हा तो बाकावर बसला होता, खांद्यावर टॉवेल. रिको खाली बसून कात्रीनं त्याच्या हातावरच्या पट्ट्या कापत होता. रिकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गजाननच आम्हाला म्हणाला, "बसा न. पाणी घ्या."

"ताई," तो म्हणाला, "मले मोजणं ऐकू येऊन राह्यलं होतं. खरंच. एक, दोन, तीन. मले वाटलं रेफरी मोजून राह्यला. मंग कळलं का तो माहाच आवाज होता, क्लासमधला." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "पाचपर्यंत पोचलो होतो. पाचपर्यंत लय बरं वाटलं. म्हटलं, झालं, जितलो. आता घरी फोन करतो."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी वेफर्स काढले नाहीत. ईशान एकदाच बोलला. "आई, इट वॉज अवर काउंट, राइट?" मी हो म्हटलं. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

करार झाला नाही. मार्चमध्ये तो गेला. सरकारी नोकरी काही परत मिळत नाही. आता अकोल्यात मुलींना बॉक्सिंग शिकवतो, वर्षा एका शाळेत लागली आहे, तिघं एका घरात राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीत आता कुणाची तरी सायकल टांगलेली असते. वर्ष झालं, लिफ्टमध्ये तीन नंबर लागला की मी अजूनही उगाच मोबाईल काढून त्यात बघते.

जायच्या आधी त्यानं आमचा शेवटचा क्लास घेतला. मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले. तो एकटाच होता, पट्ट्यांच्या सुरळ्या करत भिंतीशी उभा. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. "गजानन, माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "रिको नको म्हणत होता. मी भांडले. माझ्या हौसेपायी तुझं घर गेलं." आणि मला रडूच आलं, सत्तेचाळीस वर्षांची बाई, जिमच्या मधोमध.

त्यानं सुरळी पूर्ण केली, खिशात टाकली. "पाय कोनाचे होते ताई?" म्हणाला. "माहेच न?" एवढंच. वर ना कसली समजूत, ना काही. मग ग्लोव्हज माझ्या अंगावर टाकले. "घाला. रडून दम लागते, त्यापेक्षा मारून लागू द्या."

आम्ही खेळलो. तो नुसता सरकत होता, मी मारत होते, सगळे वाऱ्यावर. रागानं मारत होते, स्वतःच्याच रागानं. आणि एकदा, कसं कोण जाणे, तो बाजूला व्हायच्या आत माझा उजवा हात त्याच्या पोटात खरोखर बसला. मुद्दाम खाल्ला असेल, मला माहीत नाही. तो कमरेत वाकला, "अरे बाप्पा!" म्हणाला.

माझं पाऊल मागे गेलं. मी वळले, चालत लांबच्या कोपऱ्यात गेले, हात दोरांवर ठेवले, आणि तेव्हा मला कळलं मी काय करतेय. लाजेनं वर बघवेना.

पाठीमागून त्याचा आवाज आला. "एक."

मी वळून बघितलं. तो सरळ उभा राहिला होता, एक हात पोटावर, दुसऱ्या हाताचं बोट वर. "दोन. तीन. चार." घाई नव्हती. "पाच."

पाचवर तो थांबला. त्याची पाच बोटं हवेत होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता. बाहेर ग्रोसरीवाल्याची डिलिव्हरीची बाईक सुरू होऊन निघून गेली, इतका वेळ.

"साहा," तो म्हणाला. "सात. आठ."

मग त्यानं दोन्ही हात गालापाशी घेतले आणि मला मानेनं बोलावलं. मी गार्ड वर घेतला आणि पुढे गेले.